अठराव्या वर्षाची तरतूद

घरातल्या मोठ्या खर्चांपैकी बहुतेकांची तारीख आधी ठाऊक नसते. आजारपण सांगून येत नाही, नोकरी सांगून जात नाही. मुलाच्या कॉलेजचा खर्च मात्र याला अपवाद आहे. जून २०२५ मध्ये जन्मलेले मूल २०३१ मध्ये पहिलीत बसते, २०४१ मध्ये दहावीची आणि २०४३ मध्ये बारावीची परीक्षा देते. त्याच वर्षी जून ते सप्टेंबरच्या दरम्यान कॉलेजचे पहिले शुल्क भरावे लागते. रक्कम किती लागेल हे आज नक्की सांगता येत नाही, पण ती कोणत्या वर्षी लागेल हे मूल पाळण्यात असतानाच सांगता येते. या खर्चाच्या नियोजनात पालकाच्या हाती असलेली सर्वांत मोठी सोय हीच आहे आणि बहुतेक घरांत ती वाया जाते.

ती वाया जाण्याची रीत ठरलेली आहे. बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाची यादी येते आणि मग पैशांची जुळवाजुळव सुरू होते. बँकेतली ठेव मुदतीआधी मोडली जाते, आईच्या बांगड्या सराफाकडे जातात, मामाकडून हातउसने घेतले जातात, गावाकडचा जमिनीचा तुकडा पडेल त्या भावाला निघतो. यातला कोणताही मार्ग चुकीचा नाही, पण घाईने केलेला प्रत्येक व्यवहार महागात पडतो. ठेव मोडली की व्याज कापले जाते, दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही आणि अडलेल्या विक्रेत्याला जमिनीचा खरा भाव मिळत नाही.

शुल्क कसे ठरते

कॉलेजचे शुल्क महाराष्ट्रातल्या घरखर्चात एवढी जागा का घेऊ लागले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फी माफीची सवलत सुरू झाली. 'ईबीसी' या तीन अक्षरांनी ती खेडोपाडी ओळखली जाई आणि तिच्या आधारावर शेतकऱ्यांच्या घरांतली पहिली पदवीधर पिढी उभी राहिली. त्या काळी अडचण शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाची अधिक असे. तीही समाजाने आपल्या परीने सोडवली होती: राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहे, कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना, १९५५ पासून पुण्यात ग्रामीण मुलांना आसरा देणारी विद्यार्थी साहाय्यक समिती.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. जागा वाढल्या. प्रवेशासाठी कर्नाटकात जाणारी मुले राज्यातच शिकू लागली. मात्र कॉलेज चालवण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून निघून पालकाच्या खिशावर आला. देणग्यांचा सुळसुळाट रोखण्यासाठी १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै प्रकरणात विनाअनुदानित संस्थांना शुल्क ठरवण्याची मोकळीक मान्य केली, पण नफेखोरी करता येणार नाही असेही बजावले. २०१५ च्या राज्य कायद्यानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या खासगी महाविद्यालयांचे शुल्क आता शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते. प्रत्येक महाविद्यालयाचे मंजूर शुल्क प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. मूल सातवीत असतानाच पालकाने ते एकदा डोळ्यांखालून घालावे. शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा ते कितीतरी भरवशाचे असते. अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत आणि तिथले शुल्क बहुधा बरेच जास्त असते.

म्हणजे एकाच अभ्यासक्रमाच्या किमतीच्या अनेक पायऱ्या असतात. सरकारी महाविद्यालय सर्वांत स्वस्त, मग अनुदानित, मग विनाअनुदानित आणि सर्वांत वर अभिमत विद्यापीठ. आयआयटीतही बी.टेक.चे शिक्षण शुल्क २०१६ पासून वर्षाला २ लाख रुपये आहे. मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत आहे त्यांना ते पूर्ण माफ असते आणि १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांना दोन तृतीयांश माफी मिळते. कोणत्या पायरीवर जागा मिळेल हे मुलाचे गुण ठरवतील. तरतूद करणाऱ्याने मात्र मधली पायरी, म्हणजे राज्यातले बऱ्यापैकी विनाअनुदानित महाविद्यालय, गृहीत धरून चालावे. सरकारी जागा मिळाली तर पैसे उरतील आणि ते पुढच्या शिक्षणाला कामी येतील.

शुल्काच्या पावतीकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात एक रकाना शिक्षण शुल्काचा असतो, दुसरा विकास शुल्काचा, मग विद्यापीठ शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत. सरकारी सवलत प्रामुख्याने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कावर मिळते. विकास शुल्क आणि किरकोळ वाटणाऱ्या इतर रकमा खिशातूनच जातात. 'फी माफ आहे' असे ऐकून निर्धास्त झालेल्या पालकाला पहिल्या वर्षी धक्का बसतो तो इथेच. पावतीबाहेरचा खर्च तर वेगळाच. पुण्यात कॉट बेसिसवर घेतलेली जागा, तिची अनामत, मेसचा महिन्याचा डबा, लॅपटॉप, दिवाळी आणि उन्हाळ्यातल्या गावच्या फेऱ्या. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत चार वर्षांचा हा खर्च अनेकदा शुल्काच्या तोडीस तोड होतो.

आणि खर्चाची सुरुवात आता कॉलेजपासून होत नाही. अभियांत्रिकीची सीईटी, जेईई आणि वैद्यकीयची नीट या परीक्षांची तयारी दहावीनंतर लगेच सुरू होते. 'लातूर पॅटर्न'च्या नावलौकिकामुळे मराठवाड्यातूनच नव्हे तर राज्यभरातून मुले अकरावीला लातूरला येऊन राहतात. क्लासची फी, खोलीचे भाडे, जेवण असा दोन वर्षांचा खर्च कॉलेजच्या आधीच येतो. म्हणून तरतुदीची खरी तारीख अठरावे वर्ष नसून सोळावे आहे असे धरून निदान एक हिस्सा दहावीच्या निकालाच्या वेळी हाताशी असावा.

किती लागेल, किती बाजूला टाकावे

समजा आज चार वर्षांच्या पदवीला शुल्क आणि राहणे-जेवण मिळून ८ लाख रुपये लागतात आणि हा खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो. दोन्ही आकडे हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. आपल्या गावचे आणि हव्या त्या अभ्यासक्रमाचे आकडे प्रत्येकाने घालून पाहावेत. वाढीचा अंदाज तोंडी करायची जुनी युक्ती अशी की, ७२ ला टक्केवारीने भागले म्हणजे रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. ७२ भागिले ८ म्हणजे ९. आजचे ८ लाख ९ वर्षांनी १६ लाख होतील आणि १८ वर्षांनी ३२ लाख.

३२ लाख हा आकडा ऐकून पुष्कळ पालक हातपाय गाळतात आणि विषय तिथेच सोडून देतात. पण हा आकडा १८ वर्षांनंतरच्या रुपयांतला आहे आणि तोवर पगार व शेतमालाचे भावही आजचे राहिलेले नसतील. शिवाय तो एकदम उभा करायचा नाही. गुंतवणुकीवर वर्षाला ८ टक्के परतावा मिळतो असे धरले तर मुलाच्या जन्मापासून दरमहा सुमारे ६ हजार ६७० रुपये टाकून १८ वर्षांनी ३२ लाख होतात. पदरचे पैसे जातात साधारण १४ लाख ४० हजार, बाकीचे व्याज. हीच सुरुवात मूल आठ वर्षांचे झाल्यावर केली तर दरमहा सुमारे १७ हजार ५०० टाकावे लागतात आणि पदरचे २१ लाख जातात. मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत थांबले तर हप्ता ५६ हजार ८०० च्या घरात जातो. मध्यमवर्गीय घराला तो पेलणारा नाही. उशिराची किंमत इतकी असते.

जन्मापासून दरमहा पावणेसात हजार टाकणेही तरुण जोडप्याला जड जाते, कारण त्याच सुमारास घराचे हप्ते सुरू असतात. अशा वेळी कमी रकमेने सुरुवात करून ती दरवर्षी वाढवत न्यावी. दरमहा ३ हजार २१५ रुपयांनी सुरुवात करून दरवर्षी हप्ता १० टक्क्यांनी वाढवला तरी त्याच ८ टक्के परताव्याने १८ वर्षांत ३२ लाख जमतात. शेवटच्या वर्षी हप्ता १६ हजारांवर जातो, पण तोवर पगारही वाढलेला असतो. पगारवाढीचे पत्र हाती आल्याच्या महिन्यातच हप्ता वाढवण्याची सवय लावून घेतली की ती वाढ घरखर्चात मुरून जात नाही.

आधी पाया

मुलाच्या नावाने पहिला हप्ता भरण्यापूर्वी दोन गोष्टी जागेवर असाव्या लागतात. पहिली, किमान सहा महिन्यांचा घरखर्च सहज काढता येईल अशा ठेवीत. हा पैसा नसेल तर पहिल्याच अडचणीला मुलाचे खाते मोडले जाते. दुसरी, कमावत्या माणसाचा विमा. मुलाच्या शिक्षणाला खरा धोका महागाईपेक्षाही कमावणारा हात अकाली जाण्याचा असतो.

'चाइल्ड प्लॅन' या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक योजनांत विमा आणि बचत एकत्र बांधलेली असते. त्यामुळे विम्याची रक्कम तोकडी राहते आणि बचतीवरचा परतावाही फारसा मिळत नाही. त्यापेक्षा निव्वळ मुदत विमा वेगळा घ्यावा आणि बचत वेगळी करावी. मुदत विम्यात मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही म्हणून लोक नाके मुरडतात, पण त्याच कारणाने थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण मिळते. कर्जाची थकबाकी, दहा-बारा वर्षांचा घरखर्च आणि मुलांच्या शिक्षणाची रक्कम यांची बेरीज विम्याइतकी असावी. ज्यांच्या डोक्यावर धंद्याचे कर्ज आहे त्यांनी ही पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्यावी. तशी घेतल्यास विम्याची रक्कम पत्नी आणि मुलांचीच राहते आणि सावकारांना तिच्यावर हात टाकता येत नाही. ज्यांना एवढाही हप्ता झेपत नाही त्यांच्यासाठी बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापून २ लाखांचा जीवनविमा देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी सुरक्षा योजना आहे. रक्कम पुरेशी नाही, पण काहीच नसण्यापेक्षा ती निश्चित बरी.

पैसा कुठे ठेवावा

मुलगी असेल तर पहिला विचार सुकन्या समृद्धी योजनेचा करावा. २०१५ मध्ये सुरू झालेले हे खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधी पोस्टात किंवा बँकेत उघडता येते. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, भरणा १५ वर्षे करायचा आणि खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी ते पूर्ण होते. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. २०२४ च्या सुरुवातीला तो ८.२ टक्के झाला. त्याच दराने दरवर्षी एप्रिलच्या आरंभी १२ हजार रुपये भरले तर २१ वर्षांनी सुमारे पावणेसहा लाख रुपये होतात.

या योजनेतला बारकावा बहुतेक पालक खाते उघडताना विचारत नाहीत. २१ वर्षे मोजायची ती खाते उघडल्यापासून, मुलीच्या वयापासून नव्हे. नवव्या वर्षी उघडलेले खाते मुलगी तिशीत आल्यावर पूर्ण होईल. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण आधीच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीच्या शिलकीपैकी निम्म्यापर्यंतच, आणि प्रत्यक्ष शुल्काइतकेच. म्हणजे पदवीच्या प्रवेशाला या खात्यातला निम्मा पैसा हाती येईल असे धरून बाकीची सोय दुसरीकडे करावी लागते. अठरा वर्षांनंतर लग्नाच्या कारणासाठी हे खाते बंद करता येते, आणि अनेक घरांत हा पैसा शेवटी मंडप आणि मानपानावर जातो. मुलीच्या शिकण्यासाठी पंधरा वर्षे साठवलेला पैसा तिच्या शिकण्यालाच लागला पाहिजे. खाते उघडतानाच आई-वडिलांनी हे एकमेकांशी बोलून ठरवावे.

मुलगा असो वा मुलगी, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी अर्थात पीपीएफचे खाते या कामाला फार चांगले जुळते. ते ज्या आर्थिक वर्षात उघडले त्याच्या अखेरीपासून १५ वर्षांनी पूर्ण होते. जून २०२५ मध्ये जन्मलेल्या मुलासाठी २०२७-२८ या वर्षात खाते उघडले तर ते एप्रिल २०४३ मध्ये, नेमक्या प्रवेशाच्या तोंडावर, मोकळे होते. व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि ते करमुक्त आहे. महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, म्हणून हप्ता ५ तारखेच्या आत जावा. सुकन्या खात्यालाही हाच नियम लागू आहे. कर वाचतो म्हणून योजना निवडण्याचे दिवस मात्र गेले. नव्या करप्रणालीत या भरण्याची वजावट मिळत नाही आणि बहुतेक पगारदार आता त्याच प्रणालीत आहेत.

व्याजाच्या योजनांनी महागाईशी जेमतेम बरोबरी होते. म्हणून दहा वर्षांहून अधिक अवधी हाती असताना काही हिस्सा शेअर बाजाराशी निगडित म्युच्युअल फंडांत एसआयपीने टाकणे योग्य ठरते. जोखीम खरी आहे आणि ती तारखेशी जोडलेली आहे. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. ज्यांचे मूल तेव्हा पाचवीत होते त्यांना काही करायची गरज पडली नाही, कारण बाजार पुढे सावरला. ज्यांचे मूल बारावीत होते आणि सगळे पैसे शेअर फंडात होते, त्यांची पुंजी ऐन वेळी तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटली. यावरून नियम निघतो तो असा: नववी सुरू झाली की शेअर फंडातले पैसे टप्प्याटप्प्याने काढून बँक ठेवीत किंवा पोस्टाच्या योजनेत आणावेत. बाजार तेजीत असताना हे करायला मन धजावत नाही, पण तेजीतच ते करायचे असते. फंड मुलाच्या नावावर असेल तर तो अठरा वर्षांचा झाल्यावर त्याची केवायसी होईपर्यंत खाते गोठते. प्रवेशाच्या गर्दीत हा व्याप नको असेल तर गुंतवणूक पालकाच्या नावावरच ठेवावी.

सोने, भिशी आणि पतसंस्था ही आपल्याकडची तीन जुनी ठिकाणे. सोने संकटकाळी उपयोगी पडते, पण दागिना मुळात मोडण्यासाठी केलेला नसतो. भिशी वर्षभराच्या नियमित बचतीची सवय लावते, मात्र ती माणसांच्या शब्दावर चालते आणि शब्द मोडला तर दाद मागायला जागा नसते. पतसंस्थेत एखादा टक्का व्याज जास्त मिळते म्हणून मुलांच्या शिक्षणाचे पैसे तिथे ठेवणारी कुटुंबे गावोगावी आहेत. बँकेतल्या ठेवींना २०२० पासून ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थांना ते लागू नाही. विमा असला तरी पैसे लगेच मिळतीलच असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. शिक्षणाचा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नये, याला यापेक्षा वेगळे कारण लागत नाही.

आतापर्यंतचा हिशेब पगारदाराचा झाला. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे त्याला दरमहा हप्ता बांधणे जमत नाही आणि चुकलेल्या हप्त्यांनी तो निराश होतो. ऊस, सोयाबीन, द्राक्ष किंवा कांदा पिकवणाऱ्याने वर्षातून एकदा किंवा दोनदा भरणा करावा. सुकन्या आणि पीपीएफ दोन्हींत तशी मुभा आहे. उसाचे पैसे कायद्याने तोडणीनंतर कारखान्यात ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवेत. ते प्रत्यक्षात जेव्हा मिळतील तेव्हा सोसायटीचे कर्ज भागवल्यावर उरलेल्या रकमेतून मुलांचा हिस्सा त्याच दिवशी खात्यात जावा. बिल घरात येऊन पडले की लग्नसराई, मोटारसायकल आणि बोअरवेल त्याची वाट पाहतच असतात. ज्या वर्षी पीक जाते त्या वर्षी किमान २५० किंवा ५०० रुपये भरून खाते चालू ठेवावे आणि चांगल्या वर्षी भर घालावी.

कागद आणि शिष्यवृत्ती

पैशाइतकीच तयारी कागदांची करावी लागते, आणि हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते. २०२४-२५ पासून याच मर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. शेतमजूर आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम अशा योजना राहण्या-जेवणाच्या खर्चाला हातभार लावतात. शुल्क सवलतीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात.

शुल्क सवलतीची अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली किंवा अभिमत अथवा खासगी विद्यापीठात गेले तर ती मिळत नाही. म्हणून दोन जागांची तुलना करताना शुल्क आणि सवलत दोन्ही मांडून पाहावे. कॅपमधले थोडे दूरचे कॉलेज अनेकदा घराजवळच्या कोट्यातल्या जागेपेक्षा चार वर्षांत कितीतरी स्वस्त पडते.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता प्रमाणपत्र हे सगळे जूनच्या गर्दीत सेतू केंद्रासमोर रांग लावून गोळा करायचे नसते. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा, कारण समिती आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत पुरावे मागते आणि जुन्या नोंदी शोधण्यात महिने जातात. नॉन-क्रीमी लेयरची मुदत प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत आहे ना, हे पाहावे. आधार कार्डावरचे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव एका अक्षराने जुळत नसेल तर ते नववीतच दुरुस्त करून घ्यावे. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे. एक दाखला वेळेवर न मिळाल्याने राखीव जागा खुल्या जागेत बदलते आणि चार वर्षांचे शुल्क वाढते. पंधरा वर्षांच्या बचतीवर एका कागदाने पाणी पडू शकते.

शिष्यवृत्तीची रक्कम मंजूर होऊन खात्यात यायला वेळ लागतो. तोवर भरायला निदान एका सत्राचे पैसे हाताशी असावेत.

कर्ज घ्यावे लागले तर

बचत आणि सवलत मिळूनही तूट राहिली तर शैक्षणिक कर्ज हा रास्त मार्ग आहे. पर्सनल लोन किंवा खासगी सावकारापेक्षा तो केव्हाही बरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्क्यांची सवलत आहे. इतर संस्थांसाठी बँकांच्या नेहमीच्या योजना आहेत. त्यांत शिक्षण संपल्यानंतर साधारण एक वर्षापर्यंत हप्ते सुरू होत नाहीत.

हप्ते उशिरा सुरू होण्याची ही सवलत फुकट नसते, कारण व्याज पहिल्या दिवसापासून चढत राहते. दरवर्षी २ लाख याप्रमाणे चार वर्षांत ८ लाख उचलले, दर १० टक्के धरला आणि पाचव्या वर्षाअखेर हप्ते सुरू झाले, तर तोवर २ लाख ८० हजार रुपये सरळव्याज साठते. मुद्दल १० लाख ८० हजार होऊन १० वर्षांचा हप्ता सुमारे १४ हजार २७० रुपये बसतो. त्याऐवजी पालकांनी हप्ते सुरू होईपर्यंत नुसते व्याज भरत नेले, पहिल्या वर्षी महिन्याला साधारण १ हजार ६७० रुपये, तर नोकरी लागल्यावर मुलाचा हप्ता १० हजार ५७० वर येतो आणि एकूण दीड लाखाहून अधिक रुपये वाचतात. कर्ज काढताना त्या अभ्यासक्रमानंतर मिळणारा सुरुवातीचा पगार आधी विचारून घ्यावा आणि हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होत असेल तर कॉलेज बदलण्याचा विचार करावा.

परदेशी शिक्षणाच्या हिशेबात रुपयाची घसरण मिळवावी लागते. २००५ मध्ये डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, २०१५ मध्ये ६४ च्या आणि २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नसते म्हणून मराठी मुलांचा ओढा तिकडे वाढला आहे. तिथेही व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याचे ११ हजार ९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात.

एका पैशाला मात्र हात लावू नये, आणि तो म्हणजे आई-वडिलांच्या म्हातारपणाचा. प्रॉव्हिडंट फंडातून मुलांच्या शिक्षणासाठी रक्कम काढायची मुभा आहे म्हणून ती काढलीच पाहिजे असे नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या सेवेत आलेल्या बहुतेकांनाही जुनी ठरीव पेन्शन नाही, मग खासगी नोकरी करणाऱ्याची गोष्टच वेगळी. मुलाच्या पदवीसाठी फंड रिकामा केला तर पंधरा वर्षांनी त्याच मुलाच्या पगारातून आई-वडिलांचा औषधपाण्याचा खर्च चालवावा लागतो, आणि तो नेमका त्याच्या स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या काळात.

हे सगळे आकडे दहावीच्या सुट्टीत मुलासमोर मांडावेत. जमा किती, दरवर्षी किती घालता येईल, कर्ज किती पेलेल, कोणते कॉलेज आवाक्यात आहे आणि कोणते सवलत मिळाली तरच. सोळा वर्षांच्या मुलाला हे समजते आणि पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासाला त्याने दिशाही मिळते. कॅपच्या फेरीत जागा लागल्यावर ती स्वीकारायला मोजकेच दिवस मिळतात, आणि घरातली ही चर्चा त्या दिवसांत होऊ शकत नाही.